कोनाचा कोड चालून राहिला?

मॅडम, गोंदियाच्या कॉलेजात तुम्ही आम्हाला ऑपरेटिंग सिस्टिम शिकवायला आलात तेव्हा तुम्ही आमच्याहून फार मोठ्या नव्हता, हे मला आता कळतं. तेव्हा तुम्ही पोक्त वाटायचात. इस्त्रीची सुती साडी, खांद्याला पिन, आणि पुस्तकातून उचलून ठेवल्यासारखी शुद्ध मराठी. तासिका तत्त्वावरच्या, म्हणजे घेतलेल्या तासांपुरतंच मानधन मिळणाऱ्या शिक्षकांना आमच्याकडे कोणी फार मोजत नसे. दरवर्षी नवा चेहरा यायचा आणि उन्हाळ्यात निघून जायचा. तुम्ही पहिल्याच दिवशी लॅबमधलं उंच स्टूल ओढून फळ्याजवळ घेतलंत आणि त्यावर बसून शिकवायला लागलात. शिक्षक बसून शिकवताना आम्ही कधी पाहिले नव्हते. मागून एक जण म्हणाला, "मॅडम तो अभी से थक गयीं." तुम्ही ऐकलंत, "हो, थकते मी," एवढंच म्हणालात आणि खडू उचललात. वर्गात हसू फुटलं नाही. मी तेव्हाच मनात म्हटलं, ही बाई वेगळी आहे.

मी जवळच्या कामठा गावाहून काळीपिवळी जीपमध्ये कोंबून घेऊन यायची. बारावीपर्यंत मराठी माध्यम. बी.एस्सी.ला कॉम्प्युटर घेतलं ते माझ्या हट्टानं. बाबा म्हणत होते, डी.एड. कर, मास्तरीण हो, गावात मान राहील. वर्गातली शहरातली पोरं हिंदीत बोलायची, पुस्तक इंग्रजीत होतं, आणि माझ्या तोंडात जी बोली होती ती या दोन्हीत बसत नव्हती. म्हणून मी गप्प राहायची. मठ्ठ आहे असं सगळ्यांना वाटायचं आणि हळूहळू मलाही वाटायला लागलं होतं.

तो दिवस मला आजही जसाच्या तसा दिसतो. लॅबमध्ये भिंतीलगत जुन्या मशीनची रांग आहे, सगळ्यांवर डॉस ही जुनी ऑपरेटिंग सिस्टिम. कोपऱ्यातल्या एकाच मशीनवर तुम्ही एका मासिकाबरोबर आलेल्या सीडीवरून लिनक्स ही नवी सिस्टिम टाकलीय. लॅब सांभाळणारे काका कुरकुरतायत, "मॅडम, हेड सरांना विचारलं का?" आणि तुम्ही म्हणताय, "विचारलं असतं तर ते नाही म्हणाले असते." मग तुम्ही मला उठवता. मलाच, का कोण जाणे. फळ्यावर दोन ओळींचा प्रोग्राम लिहिलेला आहे. पहिली ओळ प्रोसेसरला सांगते, बाहेरून कोणीही हाक मारली तरी लक्ष देऊ नकोस. दुसरी सांगते, इथंच गोल गोल फिरत राहा. मी तो डॉसवर चालवते आणि मशीन मरतं. कळफलक बंद, घड्याळ बंद, तीन बटणं एकदम दाबली तरी काही नाही. शेवटी काका येऊन डब्याचं बटण दाबतात. मग तुम्ही मला कोपऱ्यातल्या मशीनवर बसवता. "तोच प्रोग्राम इथं चालव." मी घाबरत चालवते. स्क्रीनवर 'सेगमेंटेशन फॉल्ट' अशी एक ओळ उमटते आणि मशीन जिथल्या तिथं, पुढच्या हुकमाची वाट बघत. मेला तो फक्त माझा प्रोग्राम.

मला वाटलं, मी इथंही काही तरी बिघडवलं. "मशीन बिघडलं नाही," तुम्ही म्हणालात, "मशीननं तुझं ऐकलं नाही. का ऐकलं नाही, ते आज शिकायचं." आणि मग स्टुलावर बसल्या बसल्या तुम्ही सांगितलंत की हा नकार लिनक्सनं नाही दिला, आधी प्रोसेसरनंच दिला. प्रोसेसर दोन मोडमध्ये चालतो. एका मोडमध्ये सगळ्या सूचना पाळल्या जातात. तो मोड फक्त कर्नलसाठी, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यासाठी. दुसऱ्या मोडमध्ये आपले साधे प्रोग्राम चालतात आणि तिथं धोक्याच्या सूचना चालतच नाहीत. डॉसवर हा भेद कोणी वापरलेलाच नव्हता, म्हणून माझ्यासारख्या पोरीच्या दोन ओळींनी सगळं मशीन मेलं. ही गोष्ट ऐकताना मला पहिल्यांदा वाटलं की हे यंत्र कोणी तरी विचार करून बनवलंय, आणि तो विचार मला समजू शकतो.

पण समजण्याच्या आधी मार खाल्ला. पंधरवड्यानं चाचणी झाली. प्रश्न होता, प्रोग्रामला फाइल वाचायची असेल तर काय घडतं? मी लिहिलं होतं की प्रोग्राम स्वतःचा मोड बदलून कर्नल मोडमध्ये जातो, फाइल वाचतो आणि परत आपल्या मोडमध्ये येतो. तुम्ही त्याला शून्य दिलंत. मला फार लागलं. पुस्तकात जवळपास असंच लिहिलेलं होतं. तास संपल्यावर मी तुमच्या स्टुलापाशी गेले आणि त्या कॉलेजात पहिल्यांदाच कुणाशी तरी भांडले. तुम्ही शांतपणे विचारलंत, "प्रोग्रामला स्वतःचा मोड बदलता येतो?" मी म्हटलं, हो. "मग त्या दिवशी तुझा प्रोग्राम मेला कशाला? आधी मोड बदलायचा होता, मग ती सूचना द्यायची होती. कोण अडवणार होतं?" मी वहीत उत्तर शोधायला लागले. तुम्ही म्हणालात, "घरी जा. विचार कर. कर्नल मोडमध्ये असताना कोणाचा कोड चालतो, एवढंच शोध."

काळीपिवळीत मांडीवर दप्तर घेऊन मी तेच शोधत होते. सकाळी उत्तर घेऊन आले. प्रोग्राम फक्त मागणी करतो. कोणतं काम हवं त्याचा क्रमांक एका रजिस्टरमध्ये, म्हणजे प्रोसेसरच्या हाताशी असलेल्या छोट्या जागेत, ठेवतो. बाकीचा तपशील शेजारच्या रजिस्टरांत. आणि एक खास सूचना देतो. त्या एका सूचनेत प्रोसेसर दोन्ही गोष्टी करतो: मोडही बदलतो आणि उडीही मारतो. उडी कुठं मारायची ते प्रोग्राम ठरवत नाही, ते मशीन सुरू होतानाच कर्नलनं सांगून ठेवलेलं असतं. म्हणजे मोड बदलला त्या क्षणापासून प्रोग्रामचा कोड थांबलेला आणि कर्नलचा चालू झालेला. कर्नल क्रमांक बघतो, तो आपल्या तक्त्यात आहे का ते तपासतो, काम करतो, उत्तर ठेवतो, मोड खाली उतरवून प्रोग्रामला जिथं सोडलं होतं तिथं आणून सोडतो. हाच सिस्टिम कॉल. मी हे सगळं अडखळत, अर्धं हिंदी अर्धं इंग्रजी करत सांगितलं. तुम्ही ऐकून घेतलंत. "बरोबर," म्हणालात. "मार्क मात्र वाढवणार नाही."

दिवाळीनंतर तुम्ही सलग बरेच दिवस आला नाहीत. हेड सर म्हणाले, अशा लोकांचा भरवसा नसतो. मी काकांकडून पत्ता घेतला आणि एका रविवारी दुपारी तुमच्या खोलीवर गेले. राइस मिलच्या मागची गल्ली, पत्र्याची खोली, फळीवर बुद्धाची छोटी मूर्ती. तुम्ही पलंगावर गुडघे पोटाशी घेऊन पडला होतात. पाठीशी गरम पाण्याची पिशवी. मला बघून तुम्ही म्हणालात, "पानी पाज वो मले आधी." मी तिथंच उभी राहिले. तुमच्या तोंडून असं बोलणं कधी ऐकलंच नव्हतं. "काऊन पाहून राहिली अशी?" दुखत असताना तुम्ही हसलात. "देवरीची आहो मी. तुले काय वाटलं, पुण्याहून आली?"

सिकलसेल. आमच्या भागात हा शब्द पोरांनाही ठाऊक असतो; कामठ्यात दोन घरं सोडून एक पोरगा होता तसा. रक्तातल्या पेशी वाकड्या होतात, हाडांत कळा येतात. म्हणून ते स्टूल. मी स्टोव्ह पेटवला. तांदूळ होते, लाखोळीची डाळ होती. मी डाळ शिजवत होते आणि तुम्ही पलंगावरून सूचना देत होतात: पाणी कमी घाल, सांबार जास्त घाल. आपल्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात हे पुण्यात भाजीवाल्याला समजावताना मला आजही हसू येतं. आणि मधेच, डाळीला फोडणी बसताना, तुम्ही विचारलंत, "सांग, कर्नल मोडमधी कर्नलले कोन अडवते?"

"कोनीच नाई," मी म्हटलं. आपोआप आमच्या बोलीत उत्तर निघालं.

"मंग प्रोग्रामनं मांगलं का, फाइल वाच अन मेमरीतल्या या पत्त्यावर ठेव. अन पत्ता देल्ला कर्नलच्याच मेमरीचा. तं?"

मी पळी हातात धरून उभी. "कर्नल आपलीच मेमरी पुसून टाकन."

"टाकन ना! प्रोसेसर त्याले थांबवतच नाई. म्हून कर्नलनं काय कराव?"

"आधी पत्ता तपासाव. प्रोग्रामच्या हद्दीतला हाय का नाई, थे पाहाव."

"हरेक पत्ता," तुम्ही म्हणालात. "बाहेरून आलेला हरेक पत्ता. प्रोग्राम ओरखीचा असो का नसो." मग तुम्हाला कळ आली आणि तुम्ही डोळे मिटलेत. मी डाळ उतरवली. त्या दुपारी मला दोन गोष्टी मिळाल्या: सिस्टिम कॉलमधला सगळ्यात नाजूक भाग, आणि ही खात्री की माझ्या बोलीत तो बसतो. कुठंही फाटत नाही, कुठंही अडत नाही.

त्यानंतर एकट्यात तुम्ही माझ्याशी असंच बोलायला लागलात. वर्गात पुन्हा पुस्तकी. मला ते बरं वाटायचं, आपलं दोघींचंच असल्यासारखं. म्हणून तोंडी परीक्षेच्या दिवशी तुम्ही जे केलंत त्याचा मला रागच आला. नागपूरहून बाहेरचे परीक्षक आले होते. त्यांनी मला इंग्रजीत विचारलं, सिस्टिम कॉल होताना स्टॅकचं, म्हणजे प्रोग्राम आपली तात्पुरती टिपणं ठेवतो त्या मेमरीतल्या जागेचं, काय होतं? मला येत होतं. शब्द फुटेना. दाराशी बाकीची मुलं रांगेत उभी, सगळी बघतायत. परीक्षकांनी पुन्हा विचारलं, हळू, जरा मायेनं. तेवढ्यात तुम्ही त्यांना म्हणालात, "सर, मी विचारू?" आणि सगळ्यांसमोर, स्वच्छ मोठ्या आवाजात, "सांग वो, स्टॅक काऊन बदलते? आपल्या बोलीत सांग. सरायले समजते."

दाराशी कोणी तरी फिस्सकन हसलं. पण तोवर माझं तोंड उघडलं होतं. "प्रोग्रामच्या स्टॅकवर भरोसा कायले ठेवाव, मॅडम? थो पत्ता त्याच्याच हातात रायते. त्यानं कचरा पत्ता भरून ठेवला, अन कर्नल तेथीच लिहाले गेला, तं गेला ना सारा कारभार! म्हून प्रोसेसर मोड बदलतानीच कर्नलनं आधी सांगून ठेवलेला दुसरा स्टॅक घेते. जुन्या स्टॅकचा पत्ता, परत कोठी जाचं थो पत्ता, समदं त्या नव्या स्टॅकवर ठेवते. मंगच कर्नलचा कोड चालू होते." मी थांबलेच नाही. खडू घेऊन फळ्यावर दोन्ही स्टॅक काढले, बाण काढले. परीक्षक खुर्ची फिरवून बघत होते. शेवटी म्हणाले, "बैठो बेटा. पूरा समझ गया मैं." आणि तुमच्याकडे वळून, "मैडम, ये भाषा कौनसी थी?"

"झाडीबोली," तुम्ही म्हणालात. "आमची."

मला चांगले मार्क पडले. पण दुसऱ्या दिवसापासून वर्गातल्या पोरांनी माझ्याच उत्तरातला शब्द उचलून माझं नाव 'कायले', म्हणजे 'कशाला', ठेवलं. ए कायले, वही दे. ए कायले, गाडी आली तुझी. मी आठवडाभर तुमच्याशी बोलले नाही. मग तुम्हीच मला गाठलंत, लॅबच्या पायऱ्यांवर, रेलिंगला धरून एकेक पायरी उतरत. "रागावलीस?" मी म्हटलं, तुम्ही मला सगळ्यांसमोर उघडं पाडलं. तुम्ही थांबलात. तुमचा चेहरा कडक झाला, चाचणीचा कागद परत देतानासारखा. "मी कॉलेजात असतानी अशीच उभी होती परीक्षकासमोर. येत होतं समदं. बोलली नाई. नापास झाली. साल गेलं माया. तुयं जाऊ देऊ का मी, पोरं हासतीन म्हून?" तुम्ही आणखी एक पायरी उतरलात. "हासू दे. त्यायले विचार, स्टॅक काऊन बदलते. पाहू कोन सांगते थे." त्या संध्याकाळी पहिल्या बाकावरच्या एकानं 'कायले' म्हणून हाक मारली तेव्हा मी त्याला खरंच विचारलं. त्याला आलं नाही. दोन दिवसांनी तो वही घेऊन माझ्याशेजारी येऊन बसला, समजावून घ्यायला. नाव शेवटपर्यंत टिकलं. बोचायचं मात्र थांबलं.

तुम्ही गेल्याचं मला लॅबच्या काकांनी फोनवर सांगितलं. मी पुण्यात पहिल्या नोकरीत होते, सुटी मिळायला वेळ लागला. देवरीला पोचले तेव्हा पुण्यानुमोदनाचा, म्हणजे गेलेल्यासाठीच्या वंदनेचा, कार्यक्रमही होऊन गेला होता. हायवेवर बस सोडून मी विचारत विचारत तुमच्या घरी गेले. तुमच्या आई अंगणात मोहफुलं वाळवत बसल्या होत्या. मी कोण ते सांगू लागले तर त्यांनी मधेच थांबवलं. "तूच का वो ते भांडणारी पोरगी? कामठ्याची?" आणि हात धरून घरात नेलं, भात वाढला. मी खाल्ला. रडू मला तिथं आलं नाही, परतीच्या बसमध्ये साकोलीच्या पुढे आलं.

आता जे सांगायला बसले ते सांगते. पुण्यातल्या ज्या कंपनीत मी बरीच वर्षं आहे ती हॉस्पिटलांसाठी यंत्रं बनवते. त्यातलं एक, सलाइनमधून औषध ठरलेल्या वेगानं सोडणारा पंप. आत लिनक्स. पंपांची पाठवणी तोंडावर आलेली आणि पंपाला कर्नलशी जोडणारा कोड तपासून सही करायचं काम माझ्याकडे आलं. त्यात एके ठिकाणी, प्रोग्रामनं दिलेला पत्ता कर्नल न तपासता वापरत होता. पंपाचं रीडिंग, म्हणजे औषधाच्या वेगाचा आकडा, थेट त्या पत्त्यावर लिहीत होता. मी साहेबांना दाखवलं. ते म्हणाले, "अहो, त्या यंत्रावर आपल्या प्रोग्रामशिवाय दुसरं चालणार काय आहे?" मी म्हटलं, हॉस्पिटलच्या नेटवर्कला जोडल्यावर काय चालेल ते तुम्हाला माहीत नाही, मलाही नाही. त्यांनी समजावलं, मग आवाज चढवला. गिऱ्हाइकाला तारीख दिलीय, पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करू. मी म्हटलं, "मी सही करणार नाही." मीटिंगमधले सगळे टेबलाकडे बघायला लागले. मॅडम, माझा आवाज कापला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी पंप टेबलावर ठेवला, नळीखाली काचेचं भांडं ठेवलं आणि साहेबांना बोलावलं. अगदी साध्या, काहीही अधिकार नसलेल्या वापरकर्त्याच्या नावानं आत शिरले. माझ्या छोट्या प्रोग्रामनं रीडिंग मागितलं आणि पत्ता दिला कर्नलच्या मेमरीतला, जिथं हा प्रोग्राम कोणत्या वापरकर्त्याचा आहे त्याचा क्रमांक नोंदलेला असतो. पंप बंद होता, रीडिंग शून्य होतं. कर्नलनं ते शून्य तिथं नेऊन लिहिलं, आणि लिनक्समध्ये शून्य क्रमांकाचा वापरकर्ता म्हणजे सगळ्या यंत्राचा मालक. मग मी पंप सुरू केला आणि आतून त्याचा वेग वाढवला. स्क्रीनवर जुनाच आकडा दिसत होता आणि भांड्यात थेंब भराभर पडत होते, मग थेंबांची धार झाली. साहेब वाकून ती धार बघत राहिले. मग त्यांनी विचारलं, "दुरुस्तीला किती वेळ लागेल?" पाठवणी लांबली. गिऱ्हाइकाचे रागाचे फोन साहेबांनी स्वतः घेतले, एकही माझ्याकडे वळवला नाही. पुढे त्या गटाचं काम त्यांनीच माझ्या हाती सोपवलं. आता कोड सहीला माझ्याकडे येतो आणि नव्या पोरापोरींना मी शिकवते. उभी राहूनच, माझे पाय धडधाकट आहेत. कोणी अडखळलं की म्हणते, तुझ्या भाषेत सांग. कालच एका छत्तीसगढी मुलीनं मला पूर्ण सिस्टिम कॉल तिच्या बोलीत सांगितला. पुष्कळसं कळलं मला, आणि एक चूकही पकडली.

हे पत्र टाकायला पत्ता नाही. तुमच्या आईही आता राहिल्या नाहीत. तुम्ही ज्या वयात गेलात ते वय मी केव्हाच ओलांडलं. आता भेटलात तर मी तुम्हाला पोरगीच म्हणेन. एक मात्र खरं सांगते. मला तुमची आठवण रोज येत नाही. कामात असले की महिनोन्‌महिने येत नाही. त्या दिवशी सही करणार नाही म्हणाले तेव्हाही तुम्ही मनात नव्हता. ते मी माझं म्हणून बोलले, आणि घरी आल्यावर जेवण झाल्यावर कधी तरी लक्षात आलं की हे मी कुठं शिकले.